वरच्या आळीत बंद पडणारी जीप

"दोन मिनटं बोला आन निघा," सर्जेराव म्हणाला आणि पिंक टाकायला बाजूला वळला.

मी जीप बंद केली. करणं भागच होतं. इंजिन चालू असलं की कर्ण्यातून ओरडलेलंसुद्धा शेजारच्याला ऐकू जायचं नाही, असा तिचा आवाज. हौसावहिनी पुढच्या सीटवर उभी राहिली, एका हातानं काचेची चौकट घट्ट धरली आणि दुसऱ्या हातात माइक घेतला.

"मी हौसाबाई. निशाणी छत्री. मला मत दिलासा तर टाकीचा नळ खालच्या आळीपतोर नेणार. मला दुसरं काय येत न्हाई, आन दुसरं काय मी सांगत न्हाई."

एवढं बोलून ती खाली बसली. आळीतली सगळी दारं उघडी होती आणि दारात कुणी नव्हतं. आत मात्र माणसं होती, बांगड्या वाजत होत्या. समोर बळवंतआबांचं घर, त्याचा लोखंडी दरवाजा, आणि दरवाजावर आबांच्या सुनेच्या फोटोचा कापडी फलक. ती वत्सला, आमची विरोधी उमेदवार. सर्जेराव तिचा नवरा, आबांचा थोरला मुलगा.

"झालं न्हवं? हला आता," सर्जेराव म्हणाला.

मी चावी फिरवली. स्टार्टर चांगला जोरात फिरला, पण इंजिन काही धरेना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझ्या मानेवर घाम आला, कारण सर्जेराव हसायला लागला होता.

"केरबा, म्हैस बसली काय रं तुझी?"

माझ्या जीपला सगळं गाव म्हैस म्हणायचं. एका ठेकेदारानं वापरून टाकलेली ती पेट्रोलची जीप मी घेतली होती आणि तालुक्याला वडाप करून, म्हणजे सीटवारी माणसं भरून फेऱ्या मारून, पोट भरत होतो. गॅरेजात हात काळे केलेले होते, त्यामुळे लहानसहान दुरुस्ती घरच्या घरी व्हायची. लोक म्हैस म्हणाले की माझं डोकं फिरायचं. आपल्या गाडीला आपण शिव्या द्याव्यात, दुसऱ्यानं का द्याव्यात?

पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळायला लागल्या, त्या पहिल्यावहिल्या निवडणुकीतली ही गोष्ट. आमचं गाव चढावर वसलेलं. वर पाण्याची टाकी, टाकीखाली वरची आळी, तिथं घरोघर नळ. मग उभा चढ, आणि चढाच्या पायथ्याला आमची खालची आळी. पाइप आमच्यापर्यंत यायचा कागदावर ठरलेला होता, तो वरच्या आळीतच संपला. आमच्या बायका घागरी घेऊन चढ चढायच्या आणि टाकीपाशी एक तोटी होती तिथं, वरच्या आळीची जनावरं पाणी पिऊन झाली की, आपला नंबर लावायच्या. दोन्ही आळ्या मिळून एक वॉर्ड. जागा बाईसाठी निघाली तेव्हा आबांनी सुनेचं नाव घातलं आणि बिनविरोध म्हणून पेढेही वाटून टाकले. आणि मग माझ्या चुलतभावाची बायको, हौसावहिनी, आबांच्याच शेतात भांगलायला जाणारी बाई, खुरपं ठेवून तालुक्याला गेली आणि फॉर्म भरून आली. त्या दिवसापासून वरच्या आळीनं तिचा रोजगार बंद केला. भाऊ साखर कारखान्यावर पाळीला जायचा, म्हणून चूल पेटत होती. प्रचाराला गाडी म्हणून मी आणि माझी म्हैस.

आबांनी हुकूम सोडला होता. बाई उभी राहिलीय तर राहू दे, पण आळीत थांबू द्यायची नाही. आली तर दोन मिनिटं बोलेल आणि जाईल. आणि इथं तर पहिल्याच दिवशी आम्ही आबांच्या दारात ठाण मांडून बसलो होतो.

"कर्ण्यानं ब्याटरी खाल्ली असंल," ओट्यावरून कुणीतरी म्हणालं.

"ब्याटरी खाल्ली असती तर स्टार्टर फिरला असता काय?" मी म्हणालो. मला उगाच शहाणपण शिकवलेलं खपत नाही.

सर्जेरावाला आम्हाला तिथून काढायची घाई झाली होती. बापाचा हुकूम मोडत होता आणि तोही बापाच्याच दारात. त्यानं हाका मारून गोठ्यातले गडी बोलावले, पान खाणारे दोघे मित्र बोलावले आणि म्हणाला, "ढकला रं हिला खाली." आणि आबांच्या घरची माणसं, आबांच्या पक्षाची माणसं, छत्रीचा फलक लावलेल्या आमच्या जीपला खांदे लावून चढाच्या तोंडापर्यंत घेऊन आली. स्वतः सर्जेरावसुद्धा मागं होता. वहिनी पुढच्या सीटवर पदर सावरून बसून होती. उतारावर गाडी सुटली, वारं लागलं आणि पायथ्याला येता येता इंजिन सुरू झालं.

खालची आळी दारात उभी राहून हे बघत होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की छत्रीचा प्रचार आता आबांची माणसं करायला लागलीत. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्जेराव मात्र त्या दिवसापासून मला कच्चा खायला बघायला लागला.

मला हसू येत नव्हतं. वडापवाल्याची गाडी ऐनवेळी रुसली तर उद्या कोण बसणार त्यात? दुसऱ्या दिवशी मी मित्राची कॉइल आणून चढवली. कॉइल तापली की ठिणगी मरते, हे मला ठाऊक होतं. सकाळी गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. तालुक्याचा रस्ता झाला, तिथं बंद करून लगेच मारली, सुरू. मी खूश. दुपारी वहिनीला घेऊन पहिल्या गिअरमध्ये चढ चढलो, वरच्या आळीत थांबलो, ती बोलली, मी चावी फिरवली. म्हैस बसलेली.

आता मात्र मला चेव आला. मी बॉनेट उघडलं आणि बाह्या वर केल्या.

बॉनेट उघडलेली गाडी आणि पुरुषमाणूस यांचं काय नातं आहे देव जाणे. ज्यांना छत्रीच्या सभेला उभं राहायची बंदी होती, ते एकेक करून ओट्यावरून उतरले आणि इंजिनाभोवती जमले. कुणी म्हणालं प्लग काळे पडलेत, कुणी म्हणालं पेट्रोलात रॉकेल आहे, एकानं नजर लागल्याचं सांगितलं आणि चाकाला बिब्बा बांधायला लावला. मी एक प्लग काढून बॉडीला टेकवला. "मारा," म्हटल्यावर वहिनीनं चावी फिरवली. ठिणगी निळीशार, तडतडीत.

"ठिणगी हाय," मी म्हणालो. "म्हंजे कॉइलचा दोष न्हाई. आता पेट्रोल बघू."

कार्बोरेटरकडे जाणारा पेट्रोलचा पाइप सोडला आणि पुन्हा स्टार्टर मारायला सांगितला. पाइपातून धार यायला हवी होती. आला तो नुसता फेस, फसफस करून दोन थेंब उडाले आणि पुढं काहीच नाही. टाकीत पेट्रोल होतं, मी सकाळीच भरलं होतं. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

गार असताना सुरू होते. पळताना काही नाही. बंद करून लगेच मारली तरी सुरू. पण चढ चढून तापली, आणि बंद करून जरा वेळ उभी केली, की मेली. पळताना पंख्याचं वारं असतं. उभी राहिली की ती सगळी आग पंपात शिरते आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा वाफ ओढून ओढून दमतो. पेट्रोल पुढं सरकतच नाही.

"हिला काय झालं न्हाई," मी म्हणालो. "हिला गार करायला पायजे. ओलं फडकं लागंल."

फडकं होतं. पाणी नव्हतं. माझा कॅन रिकामा होता, कारण आदल्या दिवसापासून तोटीवर आमच्या आळीचा नंबरच लागला नव्हता. मी वर बघितलं. इंजिनाभोवतीचे सगळे शहाणे एकदम आभाळाकडे, झाडाकडे बघायला लागले. तंबाखू मळायला लागले.

वहिनी गाडीतून उतरली. जवळच्या दारापाशी गेली, उंबऱ्यापासून जरा लांब उभी राहिली आणि आत बघून म्हणाली, "गाडीला जरा पाणी द्या की वो बाई. आमच्याकडं असतं तर मागितलं नसतं."

एक म्हातारी कळशी घेऊन बाहेर आली. दुसऱ्या दारातून एक पोरसवदा सून आली. मी फडकं पुढं धरलं, म्हातारीनं वरून धार धरली. ओलं फडकं पंपावर टाकलं तसा चुर्र आवाज झाला. ते तापलं की काढायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा टाकायचं. तेवढ्या वेळात कळशी घेऊन आलेल्या बायका पाच-सहा झाल्या, आणि त्यांच्या मधोमध वहिनी. ती भाषण करत नव्हती.

"तुमचं पाणी कवा येतंय?" ती विचारत होती.

"सकाळी. दुपारी बी येतंय कधीकधी."

"आन वाहून जातंय ते?"

"ते जातंय गटारात."

"गटार खालीच येतंय आमच्याकडं," वहिनी म्हणाली. "म्हंजे पाणी पोचतंय म्हना की."

बायका हसल्या. त्या हसण्यात एक आवाज जवळच्याच आबांच्या लोखंडी दरवाजाच्या फटीतून आला. आतून बोलणारी वत्सला होती. तिचा फोटो गावभर लागला होता, पण ती बोललेली कुणी ऐकली नव्हती. ती म्हणाली, "हौसाबाई, तुमी खालच्या आळीत म्हंतासा की फोटूतली बाई बोलत न्हाई."

"मग? बोलतीस व्हय तू?" वहिनीनं विचारलं. वत्सलेच्या लग्नाआधीपासून ती त्या शेतात राबत होती, म्हणून एकेरीच बोलायची.

"मला कुणी इचारलंच न्हाई. माझा फॉर्म मामंजींनी भरला, मी सही केली."

"मग पडशील तर बरं हुईल तुला."

"तसं बी न्हाई," दरवाजामागून उत्तर आलं. "उभी केलीया तर मला बी निवडून यायचंय."

तेवढ्यात मी स्टार्टर मारला आणि गाडी भरभरून उठली. जमलेले पुरुष अशी मान हलवायला लागले, की जणू रोग त्यांनीच ओळखला होता.

चढ उतरताना मी वहिनीला म्हणालो, "ठेकेदारानं पंपाच्या आन सायलेन्सरच्या मधला पत्रा काढलाय आन परत बसवलेला न्हाई. पाइप बी सायलेन्सरला चिकटलाय. पत्रा ठोकला, पाइप लांब बांधला, की झालं. उद्या सकाळी करतो."

वहिनीनं मागं वळून चढाकडे बघितलं. मग म्हणाली, "भावजी, आज किती बाया बाहेर आल्या बघितलासा?"

"बघितलं की."

"मग नगा करू."

मला समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मी स्टिअरिंगवर हात मारून हसलो. आमची गाडी आळीत थांबवायला बंदी होती. पण बंद पडलेल्या गाडीला कोण हुकूम सोडणार?

पुढचे काही दिवस जीप वरच्या आळीत इमानेइतबारे बंद पडत राहिली. मला काही करावं लागायचं नाही. चढ चढायचा, थांबायचं, वहिनी बोलायची, आणि म्हैस बसायची. फक्त कुठं बसायची ते वहिनी ठरवायची. आज म्हसोबाच्या पारापाशी, उद्या सोनाराच्या बोळात. मी बॉनेट उघडलं की पुरुष इंजिनाभोवती आणि बायका वहिनीभोवती. पुढं पुढं तर पाणी मागावं लागेना. आमचा आवाज चढावर आला की आतून कळशा भरल्याचे आवाज यायचे. कुणी सांगायचं की तिच्या माहेरी खालच्या आळीला नळ आहे आणि आभाळ काही कोसळलेलं नाही. कुणी नुसतीच उभी राहून ऐकायची. मत देणार का, असं वहिनीनं एकीलाही विचारलं नाही.

मग एका सकाळी आबांच्या ट्रॅक्टरवरचा कर्णा खालच्या आळीतून फिरला. आवाज सर्जेरावाचा. "हौसाबाईची गाडी बंद पडत नाही, मुद्दाम पाडली जाते. नाटकी माणसांना मत देऊ नका. आता वरच्या आळीत गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला बांधून ओढ्यात नेऊन सोडू."

मी दारात बसून भाकरी खात होतो. तसाच उठलो आणि वहिनीच्या घरी गेलो. म्हणालो, "ओढ्यात सोडतोय म्हनं. सोड म्हणावं. बघतोच मी."

वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "त्यो ओढ्याचं बोलला त्येचं मला काय न्हाई. नाटकी म्हणाला."

"म्हणंना का. गाडी खरंच बंद पडती. आपुन खोटं कुठं बोललो?"

"तोंडानं न्हाई बोललो." तिनं फुंकणी बाजूला ठेवली. "पर मी रोज मनात म्हंती, पड बाई बंद. दुरुस्त हुती आन करत न्हाई. मग त्यो काय खोटं बोलला?"

"वैनी, त्या लोकांनी तुमचा रोजगार तोडला. त्यांच्यासंगट खऱ्या-खोट्याचा हिशेब कशाला?"

"त्यांच्यासाठी न्हाई. माझ्यासाठी." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी दुरुस्त करा, भावजी. आजच."

मी भडकलो. निवडणूक तोंडावर आली असताना हातातलं एकुलतं हत्यार आपणच मोडायचं, ही कुठली तऱ्हा? गाडी सुरू व्हायला लागली की दोन मिनिटं झाली, निघा म्हणतील. मग उभं राहायचं कशाच्या जिवावर? हे सगळं मी बोलून दाखवलं, आवाज चढवून बोललो. वहिनीनं ऐकून घेतलं.

"ते उद्या बघू," ती म्हणाली.

मी शिव्या देत दुरुस्ती केली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, ठोकून सरळ केला आणि पंप आणि सायलेन्सर यांच्या मधे बोल्टांनी आवळला. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून वीतभर लांब घेतला, त्याला दोरी गुंडाळली. मग भर दुपारी चढाला दोनदा घालून आणली, तापवून तापवून बंद केली, बिडी ओढत बसलो आणि पुन्हा मारली. पहिल्या फटक्याला सुरू. एरवी मी गावभर सांगत सुटलो असतो. त्या दिवशी माझं तोंड कडू झालं होतं.

दुसरा दिवस प्रचाराचा शेवटचा. दुपारी ऊन नुसतं तापत होतं. चढ चढताना वहिनी माइक हातात न घेता बसून होती. वर आलो तर सर्जेराव आणि त्याची माणसं रस्त्यात, ट्रॅक्टर उभा, मागं साखळी टाकलेली. ओट्यांवर गर्दी. दारांत आज बायकाही होत्या, कळशा घेऊन. काय होतं ते बघायला सगळी आळी बाहेर आली होती.

"आबांच्या दारात घ्या," वहिनी म्हणाली.

मी घेतली.

"बंद करा. चावी काढा."

मी चावी काढली. सर्जेराव साखळी घेऊन पुढं आला.

"झाली गरम?" तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "लाव रं साखळी."

"थांब," वहिनी म्हणाली. "भावजी, गाडी चालू करा."

मी चावी घातली आणि फिरवली. म्हैस एका फटक्यात उठली. एक म्हातारी कळशी घेऊन दोन पावलं पुढं आली होती, ती तिथंच घुटमळली. मी इंजिन तसंच चालू ठेवून वहिनीकडे बघितलं. तिनं हातानंच खूण केली, बंद करा. मी बंद केलं.

वहिनी खाली उतरली. माइक तिनं घेतलाच नाही.

"गाडी धडधाकट हाय," ती म्हणाली. "कालच दुरुस्त केली. आज ती बंद पडल्याली न्हाई. आज मी थांबलीया."

सर्जेरावाच्या हातातली साखळी हातातच राहिली. बंद गाडी ओढून नेणं सोपं होतं, त्यासाठीच तो तयार होऊन आला होता. पायावर उभ्या असलेल्या बाईला काय बांधणार?

"थांबलीयास तर कशापायी?" त्यानं विचारलं. "बोलायचं ते बोल आन जा."

"बोलायचं न्हाई काय. रोज गाडीला पाणी मागितलं, तुमी दिलासा. गाडीला आज पाणी नगं." ती लोखंडी दरवाजाकडे वळली. "आज मला तान लागलीया. मला प्यायला द्या."

मी आतापर्यंत एक गोष्ट सांगितली नाही, कारण आम्ही ती आपसांतही कधी बोलत नसू. वरच्या आळीत आमच्या माणसाला पाणी मिळत नव्हतं असं नाही. मिळायचं. ओंजळ पुढं करायची, आणि वरून धार यायची. भांडं हातात मिळायचं नाही. शेतात राबताना, लग्नात वाजवताना, मयताला लाकडं फोडताना, आम्ही ओंजळीनं प्यायलो. माझा बाप प्यायला, मी प्यायलो. हौसावहिनी तर आबांच्या शेतात वर्षानुवर्षं तशीच प्यायली होती. जीपच्या फडक्यावर बायका वरून धार धरायच्या, तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलंही नव्हतं. इतकी ती सवय हाडात मुरली होती.

वहिनीनं ओंजळ पुढं केली नाही. हात खाली सोडून ती उभी राहिली. आणि ती काय मागतेय ते त्या आळीतल्या प्रत्येक माणसाला कळलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

आबा सोप्यातून बाहेर आले. पांढरी बंडी, धोतर, हातात अडकित्ता. त्यांनी सर्जेरावाकडे बघितलं, मग वहिनीकडे.

"हौसे, लई झालं आता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांना तो कधी चढवावा लागला नव्हता. "घरला जा."

"जाती की आबा. पाणी पिऊन जाती."

"कोण देतंय तुला ते बघू."

कळशी घेऊन पुढं आलेली म्हातारी मागं सरली. मी गाडीतून उतरलो. माझी मूठ वळली होती, आणि मारामारी झाली तर आपण किती जण आहोत, हे मी मोजलंसुद्धा नाही. आपण एकटेच आहोत हे ठाऊक होतं. वहिनीनं मला मागं हात करून थांबवलं. तिचे ओठ खरंच सुकले होते. ऊन डोक्यावर होतं आणि ती सावलीला सरकत नव्हती.

लोखंडी दरवाजा करकरला. वत्सला बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात पितळी तांब्या, तांब्यावर पालथा घातलेला पेला. आबांच्या घरची सून आजवर अशी भर दुपारी रस्त्यात आली नव्हती.

"वत्सला, आत जा," सर्जेराव म्हणाला.

ती थांबली. आत मात्र गेली नाही. सासऱ्याकडे न बघता, खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मामंजी, मी उमेदवार हाय न्हवं?"

आबांनी अडकित्ता उघडला.

"तुमीच सांगितलासा, मतदार दारात आला तर त्येला तसंच लावून द्यायचं न्हाई, च्या-पाणी इचारायचं. हौसाबाई बी ह्याच वॉर्डातली मतदार हाय. तिला कसं तसंच लावून देऊ?"

ओट्यावरून कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आबांच्या हातातला अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला. भर आळीत सुनेवर ओरडावं तर स्वतःच्याच उमेदवाराला स्वतःच झापल्यासारखं, आणि गप्प बसावं तर हे असं.

वत्सलेनं पेला भरला आणि वहिनीच्या हातात दिला. हातात हात लागला. वहिनीनं पेला वर धरून घोट तोंडात सोडला नाही. ओठाला लावला आणि प्यायली, सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत. मग दुसऱ्यांदा पुढं केला. वत्सलेनं पुन्हा भरला. तो वहिनीनं मला दिला. मी प्यायलो. पाणी माठातलं होतं, गार होतं.

ती निवडणूक वहिनी हरली. वत्सला निवडून आली आणि पाच वर्षं आबांनी सांगितलं तिथं सह्या करत राहिली, एक-दोन ठिकाणी सोडून. पुढच्या खेपेला वहिनी पुन्हा उभी राहिली आणि आली. नळ खालच्या आळीत आला तो तेव्हा. ज्यांना नुसता निकाल हवा असतो त्यांच्यासाठी तो हा असा आहे. पण आमच्या आळीत अजून कुणी हौसाबाईचं नाव काढलं, तर नळाची गोष्ट निघत नाही. त्या दुपारचीच निघते.

वत्सलेनं पेला परत घेतला. तो तिनं उंबऱ्याबाहेर ठेवला नाही, आत घेऊन गेली. आबा मागोमाग आत गेले. सर्जेराव ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत उभा राहिला. आळीतलं कुणी घरात जाईना.

मी गाडीत बसून चावीला हात घातला. पाणी मिळालं होतं, आब राखला गेला होता, आता इथून सटकलेलं बरं असं मला वाटत होतं.

"वैनी, चला. मारू स्टार्टर?"

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं, आबांच्या ओट्याची कड हातानं झटकली आणि सावलीत ऐसपैस टेकली.

"दम धरा की भावजी," ती म्हणाली. "कुणाच्या घरी पाणी पिऊन माणूस लगेच उठतंय व्हय?"